माईचे दिंड

लातूरला आमच्या घरामागच्या गल्लीत क्लासेस आहेत. संध्याकाळी तिथून पोरं सुटली की कोपऱ्यावरच्या गाडीभोवती गराडा पडतो. उंच ॲल्युमिनियमच्या भांड्यावर एकावर एक चाळण्या, त्यांच्या फटींतून निघणारी वाफ, आणि झाकण उघडलं की पोरांच्या चष्म्यांवर धुकं. चाकूर, अहमदपूर, परभणी, कुठून कुठून आलेली ही लेकरं खोल्या करून राहतात. मेसच्या डब्यातली पोळीभाजी अर्धी टाकून देतील, पण गाडीवरचं उकडलेलं, आत सारण भरलेलं काहीतरी बोटं भाजून घेत खातील. माझा नातू एकदा तिथून कागदी डबा घेऊन आला. "आजी, हे मोमो नाहीत हां. नवीन आलंय. बाओ म्हणतात. चायनीज आहे." आत पांढरेशुभ्र, फुगलेले, मुठीएवढे गोळे होते. मी म्हटलं, "नवीन? अरे, तुझा बापसुद्धा जन्मला नव्हता तेव्हा तुझ्या आजीनं नांदेडात हे पोटभर खाल्लंय." तो हसला. आजी फेकते असं त्याला वाटलं असणार. मी एक उचलला, नाकाशी नेला आणि परत डब्यात ठेवला. मी शाळामास्तरीण होते. पोरांच्या डोक्यातली भुतं काढण्यात माझी नोकरी गेली. पण त्या वाफेचा वास आला की माझा दादा येऊन उभा राहतो, आणि त्याला काय म्हणायचं हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

नांदेडला वजिराबादच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. घरात आई, बाबा, दिगूदादा आणि मी. आमच्या भिंतीला भिंत लावून चिनी दातवाल्याचं घर होतं. पुढच्या खोलीत त्याचा दवाखाना, दारावर लाल हिरड्यांची आणि पांढऱ्या दातांची भली मोठी कवळी रंगवलेली पाटी. पायानं चालवायचं एक यंत्र होतं त्याच्याकडं. आधी त्याची घरघर ऐकू यायची, मागोमाग पेशंटची बोंब, आणि मग दातवाल्याचा शांत आवाज, "हो गया, हो गया, थूको." मी आणि दादा पाढे म्हणता म्हणता मध्येच "थूको" म्हणायचो आणि आईचा धपाटा खायचो. दातवाल्याच्या बायकोचं नाव मेई. गल्लीनं आठ दिवसांत तिची माई करून टाकली. पंचविशीची बाई, पण साठीच्या म्हाताऱ्यासुद्धा तिला माई म्हणायच्या. ती जन्मली वाढली कलकत्त्यात. हिंदी तिकडची, आणि त्यावर दूधवाल्याकडून आणि शेजारच्या बेगमआपाकडून शिकलेल्या दखनीची फोडणी. मूलबाळ नव्हतं. दुपारच्याला आमच्या दोन घरांमधल्या झरोक्यातून तिच्या चुलीची वाफ आमच्या स्वयंपाकघरात यायची. तिला एक आंबूस, गोडसर वास असायचा, आणि दादा त्या झरोक्याखाली पाट टाकून बसायचा.

नागपंचमीला आमच्याकडं तवा चुलीवर चढत नाही. काही चिरायचं नाही, तळायचं नाही. नागोबाला इजा होते. नाग म्हणजे बाईचा भाऊ, म्हणून आदल्या दिवशी बहिणींनी भावाचा उपास धरायचा, दुसऱ्या दिवशी वारुळाला दूध घालायचं आणि पुरणाचे दिंड उकडून खायचे. दिंड म्हणजे कणकेच्या पारीत पुरण ठेवून, चारी बाजूंनी घडी घालून वाफवलेले. तर माई राहायला आली त्या वर्षीच्या पंचमीला आई तिच्याकडं दिंड घेऊन गेली. पाहते तर चुलीवर पातेलं, त्यावर बांबूच्या चाळण्या, आणि घरात तव्याचा पत्ताच नाही. आईनं कौतुकानं विचारलं, "तुमच्यातबी आज तवा ठिवत न्हाईत व्हय?" माई म्हणाली, "हमारे में तवाच नै बहन. रोज ऐसाच." आणि चाळणीतला एक पांढरा गोळा काढून तिनं आईच्या हातावर ठेवला. "पाव," म्हणाली. तिच्या भाषेत त्याला तसंच काहीतरी म्हणत. आईला वाटलं, बाजारातला पाव. तो तर आमच्या घरात आजाऱ्यालाच मिळायचा. तिनं भीतभीत फोडला, तर आत लाल चवळी शिजवून, गूळ घालून केलेलं सारण. आईचे डोळे लकाकले. "अगं बया, ह्यो पाव कुटला? ह्यो तर दिंड हाय!"

झालं. संध्याकाळी झोक्याजवळ आईनं सगळ्या बायकांना सांगितलं की दातवाल्याच्या घरी बारा महिने नागपंचमी पाळतात. आम्ही एक दिवस पाळतो तर केवढा गाजावाजा करतो, अन् ती बाई रोज तवा चढवत नाही, अन् कुणाला सांगतबी नाही. पुढच्या वर्षी वारुळाला पहिलं दूध घालायचा मान बायकांनी माईला दिला. ती बिचारी हळदीकुंकू लावून घेत, लाजत, हसत उभी राहिली. कुणाची काय चूक झालीय हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तरी त्या प्रेमापुढं तिनं तोंड उघडलं नसतं. तेव्हापासून आमच्याकडं त्या पदार्थाला चिनी दिंड हेच नाव पडलं. माई आमच्यासाठी वेगळं पातेलं ठेवायची, कारण त्यांच्या त्यांच्यात ती मांस भरून करायची. आईला पहिल्यांदा आंबलेलं पीठ म्हटल्यावर जरा जड गेलं. दादाला काहीच जड गेलं नाही. तो झरोक्यातून हाक मारायचा, "माई, नागपंचमी झाली का?"

दादाला लष्करात जायचं होतं. मॅट्रिकला गणितानं दगा दिल्यावर त्यानं दुसरा विचारच केला नाही. छाती भरत होती, उंची भरत होती, पण दोन दाढा किडलेल्या. भरतीला दात बघतात म्हणे. दातवाल्यानं त्या दाढा नीट करून दिल्या, पैशाला हात लावला नाही, आणि माईनं वर त्याला मऊ खायचं म्हणून चार दिवस दिंड खाऊ घातले. दादा भरती झाला. पहिल्या सुट्टीवर आला तो नेमका पंचमीच्या दिवसांत. खांद्यांनी रुंद झालेला, आवाज बदललेला. पण झरोक्याखाली पाट टाकून बसला तो पहिल्यासारखाच. माई चाळणीवर चाळणी काढत होती आणि हा खात होता. आई म्हणाली, "आरं पोटाला तड लागंल." तो म्हणाला, "आई, तिकडं सपनात येतंय गं हे." त्याच्या मिशीला लागलेला चवळीचा लाल कण मला आत्तासुद्धा दिसतो. तो गेला तेव्हा माईनं रुमालात बांधून दिंड दिले. रेल्वे सुटताना त्याच्या हातात शिदोरीचं गाठोडं होतं की माईचा रुमाल, हे मला आठवत नाही. पाहिजे तेच नेमकं आठवत नाही.

दिवाळीच्या सुमाराला चीनशी लढाई लागली. बेगमआपाच्या रेडिओभोवती सारी गल्ली जमायची, फक्त दातवाल्याचं घर सोडून. दातवाल्याच्या यंत्राची घरघर थांबली. कुणीतरी पाटीवरच्या कवळीला डांबर फासलं. ज्या बायकांनी माईला वारुळाशी नेलं होतं त्या तिच्या दारावरून जाताना पदर तोंडाशी धरायला लागल्या. आईनं डांबर फासणाऱ्याला शिव्या घातल्या, पण तीसुद्धा माईकडं गेली नाही. झरोक्यात तिनं फडकं कोंबलं. मी विचारलं तर म्हणाली, "धूर येतो." त्या घरातून धूर कधीच आला नव्हता.

मग एक दिवस तार आली. बाबांनी वाचली, दोनदा वाचली आणि खुर्चीत बसले. इंग्रजीत होती. बाबांनी मराठीत एकच शब्द सांगितला, "बेपत्ता." मी आईकडं पाहिलं. ती चुलीपुढून उठली नाही, रडली नाही. शेजारच्या बायका पळत आल्या, त्यातल्या एकीनं गळा काढला, तशी आई ताडकन म्हणाली, "गप. बेपत्ता म्हंजी काय? पत्ता न्हाई. पत्ता हरवलाय, माणूस न्हाई. माजा दिगू हाय. त्यांनी धरलाय त्याला. जित्या माणसासाठी रडत न्हाईत." बायका उठून गेल्या. त्या शब्दाचा असा अर्थ मी तोवर ऐकला नव्हता, पण व्याकरणात कुठं चूक काढावी हे मला आजही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, आई माईच्या घरी गेली. मी तिचा पदर धरून मागोमाग. दातवाला पेशंटच्या खुर्चीत नुसताच बसून होता. माई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. आईला बघून ती सूप छातीशी धरून उभी राहिली. तिला वाटलं, आई भांडायला आलीय. आई खाली बसली. म्हणाली, "माई, तुमच्या मुलखात धरलेल्या माणसाला खाया काय देत्यात?" माईनं चीन उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. रस्त्यावरून टांगा गेला, त्याच्या घुंगरांचा आवाज लांब गेला. मग माई म्हणाली, "यहीच, बहन. पाव. गरम गरम."

"गोड?"

"हौ. मीठा."

"रोज?"

"रोज," माई म्हणाली आणि तिनं आईचा हात धरला. ती खोटं बोलतेय हे मला त्या वयातसुद्धा कळलं. आईला कळलं की नाही, कोण जाणे. तिनं नाक शिंकरलं, पदर खोचला आणि म्हणाली, "मला शिकव."

ती थंडी आईनं माईच्या स्वयंपाकघरात घालवली. मैदा कसा मळायचा, कालच्या पिठातला गोळा आज कसा मिसळायचा, खाण्याचा सोडा चिमटीत किती, पिठावर ओलं फडकं टाकून ते उबेला कसं ठेवायचं. पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ लाटायची, सारण ठेवायचं आणि अंगठा न हलवता दुसऱ्या हाताच्या बोटांनी कडेच्या चुण्या घेत घेत तोंड बंद करायचं. आईच्या हाताला चुण्या मोदकांमुळं माहीत होत्या. झरोक्यातलं फडकं निघालं. मधेच आई विचारायची, "तितं थंडी लई असंल. वाफ ऱ्हात असंल का?" माई म्हणायची, "रहती, बहन." त्या दोघी एकमेकींशी इतक्या हळू बोलत की जणू तो पलीकडच्या खोलीत झोपलाय. मी शाळेतून आले की मला आधी ती वाफ भेटायची, आणि मग घराच्या कुठल्यातरी कोपऱ्यात दादा असल्याचा भास व्हायचा. आई तो भास रोज नव्यानं शिजवत होती. मला त्याची भीती वाटायची आणि भूकही लागायची.

संक्रांतीनंतर दातवाला आणि माई हैदराबादला गेले, तिथून पुढं कलकत्त्याला जाणार म्हणून. चिनी म्हणून दातवाल्याला पोलीस ठाण्यावर हजेरी लावावी लागायची, आणि पेशंट तर कुणी फिरकतच नव्हतं. निघताना माईनं आईला ओल्या फडक्यात बांधलेला आंबलेल्या पिठाचा गोळा दिला. पुढचं पीठ त्यातून, त्याच्या पुढचं त्यातून. आईनं तिची ओटी भरली. ते घर पुढं बरेच महिने कुलूपबंद होतं, तरी दुपारी भिंतीला कान लावला की मला यंत्राची घरघर ऐकू यायची.

उन्हाळ्यात चीनमधून कैदी सुटून आले. बाबांनी कुठून कुठून चौकशी करून दादाच्या तुकडीतला एक पोरगा शोधून काढला. उमरीकडचा, केरबा नावाचा. ऐन दुपारी तो आमच्या घरी आला. गालफडं बसलेली, पायाची दोन बोटं बर्फानं गेलेली. आईनं सकाळपासून चाळण्या लावल्या होत्या. तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं, तसा त्याचा हात ताटाजवळ जाऊन थांबला.

"हे... हे तिथं असायचं, मावशी."

आईनं बाबांकडं विजयानं पाहिलं. माई खरं बोलली होती! आई म्हणाली, "मंग? म्या म्हणत न्हवते?" केरबानं एक फोडला. आतलं लाल सारण पाहून म्हणाला, "पर आत काय नसायचं. नुसतं पीठ."

"नुसतंच?"

"नुसतंच, मावशी. मिठाचा खडाबी न्हाई."

आईचा चेहरा पडला. "माज्या दिगूला नुसतं पीठ जात न्हाई रे. त्याला गोड लई आवडतं." केरबा ताटाकडं पाहत राहिला. आईनं विचारलं, "दिगू तुज्याच बराकीत व्हता का?" तो म्हणाला, "बराकी लई व्हत्या, मावशी. येगयेगळं ठिवलं व्हतं." आणि त्यानं मान वर न करता ताटातलं सगळं संपवलं. बाबा त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला निघाले. मी तांब्या द्यायच्या निमित्तानं मागं धावले. कोपऱ्यावर केरबा बाबांच्या पाया पडला आणि तसाच वाकलेला राहून म्हणाला, "काका, दिगू धरला गेलाच न्हाई. पयल्याच सकाळी गेला, माज्या बाजूला. म्या त्याच्या अंगावर कांबळं टाकलं. मावशीला सांगायाच आल्तो. ताट बघितलं अन् मला न्हाई झालं." बाबांनी त्याला उठवलं. मग त्यांना मी दिसले. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की दुखला. "शांते, घरी काही बोलायचं नाही," म्हणाले. आम्ही परत आलो तेव्हा आई परातीत उरलेलं चवळीचं सारण गाईला घालायला निघाली होती. "लेकरू तितं कोरडं पीठ खायलंय, अन् आपून हितं गूळ खावा?"

त्या दिवसापासून आमच्या घरी दिंड पोकळ झाले. पंचमीला आणि एरवीही. बायका विचारायच्या, पुरणाशिवाय दिंड कसला? आई चाळणीवर झाकण ठेवायची. चतुर्थीला मी भावाचा उपास धरायची. मेलेल्या भावाचा उपास धरत नाहीत, हे मला माहीत होतं, आणि उपास नाही धरला तर आईला कळेल, हेही माहीत होतं. पंचमीला आम्ही तिघं पंगतीला बसायचो. बाबा तो फिका, पांढरा गोळा चावून चावून गिळायचे आणि म्हणायचे, "छान झालेत." आई म्हणायची, "दिगू आला की भरून करीन." मी पाण्याच्या घोटाबरोबर तो खाली उतरवायची. मी लग्न होऊन लातूरला आले, नोकरीला लागले, मुलं झाली, तरी पंचमीला माहेरी जायची ती छातीत दगड घेऊन. सासरी लोक म्हणायचे, काय भाग्याची, पंचमीला माहेरचा आग्रह असतो. त्यांना काय सांगणार?

बाबा एका हिवाळ्यात गेले. शेवटच्या आजारातसुद्धा त्यांनी मला खूण केली, ओठांवर बोट ठेवून. त्यानंतरची पहिली पंचमी आली. मी चतुर्थीचा उपास धरून गेले. आई आता वाकली होती, पण पीठ तिनंच मळलं होतं, मला हात लावू दिला नाही. वारुळाला जाऊन आलो. तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं. मी सवयीनं डोळे मिटून घास तोडला, आणि तोंडात गूळ आला. गरम चवळी, वेलदोडा. मी डोळे उघडले. आई माझ्याकडंच पाहत होती.

"आई, हे भरलेलं आहे."

"हाव."

मी हातातला उरलेला दिंड उलटून आत पाहिलं. तीच म्हणाली, "केरबा जाताना 'येईल तो' असं एकदाबी म्हणला न्हाई. खोटंसुदिक म्हणला न्हाई. तवाच कळलं मला."

"मग इतकी वर्षं, आई?"

"तुजे बाबा कोपऱ्यावरनं आले तवा त्यांचं तोंड बघितलं की म्या. त्यांना वाटायचं, हिला कळलं तर ही मरंल. मला जपून राहिले व्हते. जपू दिलं." तिनं माझ्या ताटाकडं बोट केलं. "आता कुणासाठी नुसतं खायाचं? खा. गार व्हायलंय."

तिनं स्वतः एक उचलला, फोडला, आतल्या लाल सारणाकडं थोडा वेळ पाहिलं. "दिगूला गोड लई आवडायचं," म्हणाली. तोवर तिनं कायम आवडतं म्हटलं होतं. आपल्याच तोंडातून निघालेला शब्द तिनं ऐकला, आणि तिचा हात खाली आला. मग आई रडली. तारेच्या दिवशी रडायची राहिली होती ती रडली, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, त्याचं नाव घेऊन, कपाळ बडवून. मी तिला धरून बसले. झोक्यावरच्या पोरी, सणाची नवी लुगडी नेसलेल्या बायका, सगळ्या धावत आल्या. गल्लीत आता नवे लोक होते, आमची माहिती कुणाला नव्हती. दारातून एकीनं घाबरून विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "माझा भाऊ गेला."